घुमट खाली ठेवायचं का?

डॉक्टरबाई, स. न. वि. वि.

माझं वय ६८. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका गावात राहतो. वीज खात्यातून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आमचं आरतीचं पथक घरोघर फिरतं, त्यात मी चाळीस वर्षं घुमट, म्हणजे चामडं ताणलेलं मातीचं वाद्य, वाजवतो. गेल्या चवथीला तिसऱ्या-चौथ्या घरात शामेळवाल्यानं (शामेळ म्हणजे सोबतचा ढोल) चाल बदलली आणि माझा हात मागे राहिला. रात्रीत तीनदा असं झालं. बाकी सगळा वेळ हात पूर्वीसारखाच चालला. कोणी काही बोललं नाही, पण कासाळेवाल्या, म्हणजे मोठ्या झांजा वाजवणाऱ्या, पोरानं माझ्याकडे बघितलं ते मला कळलं. यंदा जूनमध्ये साखळीच्या वाटेवर स्कूटरपुढे गाय आली, ब्रेक उशिरा दाबला गेला. पडलो नाही, एवढंच. नातवानं फोनवर एक खेळ घालून दिला: पडदा हिरवा झाला की बोट टेकवायचं. त्याची सरासरी आली २६५ मिलिसेकंद (सेकंदाचे हजारावे भाग), माझी ३३७. दुपारी झोपून उठल्यावर केलं तर चारशेच्या वर गेली. सगळे आकडे वहीत लिहून ते पान सोबत पाठवतो आहे.

मुलगा म्हणतो, चावी द्या. माझ्या आईला शेवटची सहा वर्षं काही आठवत नव्हतं, आम्हालाही ओळखत नव्हती. हे तेच सुरू झालं का? स्कूटर विकू का? यंदा घुमट दुसऱ्याच्या हाती देऊ का?

गोळ्या प्रेशरची एक, साखरेची एक. पावसाळ्यात नाक गळतं म्हणून सर्दीची गोळी रोज रात्री आणि लागली तर सकाळी, ती फार्मसीतून आणतो. रात्री लघवीला तीनदा उठावं लागतं.

— एक घुमटवादक

भाऊ, सप्रेम नमस्कार.

तुमच्या वहीचं पान समोर ठेवूनच लिहिते आहे. आधी सकाळचे वीस आकडे. नातवानं फोननं काढलेली सरासरी वाचून दाखवली आणि तुम्ही ती मनाला लावून घेतलीत. मी पेन्सिल घेऊन एकेक आकडा पाहिला. वीसांतले अठरा २७५ ते ३३० च्या मध्ये आहेत, त्यांची सरासरी काढली तर ३०० भरते. उरलेले दोन आहेत ६४० आणि ७००. ते दोन बाजूला ठेवले तर ६८ वर्षांच्या हाताला नाव ठेवावं असं त्या पानावर मला काही दिसत नाही. ते दोन आत घेतले की सरासरी ३३७ वर जाते. तुमचा हात अठरा वेळा आपल्या जागी पडला आणि दोन वेळा भलताच मागे राहिला. चवथीच्या रात्रीही हेच झालं होतं ना? रात्रभर ठीक, आणि तीनदा चुकला.

मंद होणं वेगळं आणि मधूनच चुकणं वेगळं. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं या फरकात आहेत, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

डोळ्यांना खूण दिसल्यापासून हात हलेपर्यंतचा वेळ तरण्या माणसात साधारण पाव सेकंद असतो, म्हणजे २०० ते २५० मिलिसेकंद. आवाजाची खूण असेल तर याहून थोडा कमी. फोनचा पडदा बोट ओळखायला स्वतःचाही थोडा वेळ खातो, आणि प्रत्येक फोनचा वेगळा, म्हणून तुमचे ३०० आणि प्रयोगशाळेतले ३०० ताडून बघू नका. पडदा हिरवा झाला की बोट टेकवायचं, हा झाला साधा प्रतिसाद. हिरवा झाला तर उजवं बोट, लाल झाला तर डावं, असं ठरवलं की लगेच जास्त वेळ लागतो, कारण मध्ये निवड आली. डोंडर्स नावाच्या डच शास्त्रज्ञानं १८६८ सालीच हा फरक मोजून दाखवला होता. रस्त्यावर आणि आरतीत आपल्याला लागतो तो हा दुसरा, निवडीचा प्रतिसाद. गाय थांबेल की पुढे जाईल, ब्रेक दाबू की वळवू, हे ठरवण्यात वेळ जातो.

ब्रिटनमधल्या एका मोठ्या आरोग्य पाहणीतल्या ७,१३० प्रौढांच्या अशा नोंदींचा अभ्यास डेर आणि डिअरी यांनी २००६ साली प्रसिद्ध केला. साधा प्रतिसाद पन्नाशीपर्यंत फारसा मंदावत नाही, असं त्यात दिसलं. निवडीचा प्रतिसाद मात्र तरुणपणापासूनच थोडा थोडा मंदावत जातो. आणि वय वाढतं तसा एकाच माणसाच्या दोन आकड्यांतला फरक, म्हणजे प्रतिसादाचा चढउतार, वाढत जातो. वीस-पंचवीसच्या पोराचे वीस आकडे मुठीत मावतात, आपले पसरतात. लहान मुलांचेही असेच पसरतात. आठ वर्षांचं पोर कासाळे वाजवताना पाहा, दहा ठोके चोख आणि अकरावा कुठल्या कुठे. मग वाढत्या वयात हात एकसारखा होतो, बराच काळ तसा राहतो, आणि उतारवयात पुन्हा थोडा विस्कटतो.

तुम्ही वीज खात्यात जन्म काढलात, तेव्हा तुमच्याच भाषेत सांगते. दिवसभराची सरासरी २३० व्होल्ट भरली म्हणून पंप अडखळल्याची तक्रार खोटी ठरत नाही. पंपाला सरासरीशी काही देणंघेणं नसतं, दोन सेकंदांच्या डिपनं तो बसतो. मेंदूत लांबलांबचे भाग जोडणाऱ्या तारांवर मायलिनचं वेष्टण असतं, वयानुसार ते जागोजाग झिजतं. डोपामिन नावाचं रसायन कमी होत जातं. आणि कपाळामागचा जो भाग लक्ष एका जागी धरून ठेवतो, त्याची पकड अधूनमधून क्षणभर सुटते. खूण नेमकी त्या क्षणी आली की आकडा ७०० होतो. क्षण सरला की हात पुन्हा ३०० वर. तुम्हाला त्या वेळी काही जाणवतही नाही. म्हणूनच तुम्ही लिहिलंत की बाकी वेळ हात पूर्वीसारखा चालला. ते अगदी खरं आहे.

आता आईचं. पत्रात हा प्रश्न तुम्ही सगळ्यांत कमी शब्दांत लिहिलात, पण तोच तुम्हाला रात्री जागवतो हे मला कळतं. सरळ सांगते: वहीतल्या आकड्यांवरून विस्मरणाचा आजार सुरू झाला असं कोणीही म्हणू शकत नाही, मी तर म्हणणार नाही. कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००० साली तीन लहान गट तपासले होते. निरोगी वृद्ध, संधिवात असलेले वृद्ध आणि सौम्य डिमेन्शिया असलेले वृद्ध. तिसऱ्या गटाच्या प्रतिसादातला चढउतार पहिल्या दोन गटांच्या साधारण दुप्पट निघाला. दुखणाऱ्या सांध्यांनी हात मंद होत असेल, पण तो असा हेलकावत नाही, मेंदूच्या दुखण्यात हेलकावतो, असा त्याचा अर्थ. म्हणून या चढउताराकडे डॉक्टरांचं लक्ष असतं. पण हा गटांचा हिशेब आहे. एकेका माणसाचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की अमुक आकड्याच्या पुढे आजार आणि अलीकडे आरोग्य अशी रेघ मारता येत नाही. शिवाय हात हेलकावायला लावणाऱ्या दुसऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या तीन तुम्ही स्वतःच्या हातानं पत्रात लिहून पाठवल्या आहेत.

पहिली ती सर्दीची गोळी. तुम्ही तिचं नाव लिहिलेलं नाही, पण फार्मसीत सर्दीसाठी सहज मिळणाऱ्या पुष्कळ गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असतं. ते नाक सुकवतं आणि मेंदूवर झापड आणतं. साठीनंतर शरीर ते हळू बाहेर टाकतं, म्हणून रात्री घेतलेल्या गोळीचा अंमल सकाळी स्कूटरवर बसेपर्यंत उरतो. माणसाला झोप आली असं वाटेलच असंही नाही. त्याला आपण ठीक आहोत असंच वाटतं, आणि ब्रेक उशिरा लागतो. याच गोळीनं प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाला लघवी अडखळते, मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही, मग पुन्हा उठावं लागतं. तेव्हा तुमची गोळी आणि तुमचं रात्रीचं उठणं यांचं एकमेकांशी नातं असू शकतं. कमी झापड आणणाऱ्या ॲलर्जीच्या गोळ्या आहेत, नाकात मारायचे फवारे आहेत. तुमच्या प्रेशर-साखरेच्या डॉक्टरांना विचारून बदलून घ्या. सीझनमध्ये उर्राक, म्हणजे काजूची दारू, घेत असाल तर तेही त्यांना सांगा. लाजू नका. ही गोळी आणि उर्राक एकत्र आले की झापड आणखी वाढते.

दुसरी गोष्ट झोप. तीनदा उठणं म्हणजे रात्रीचे चार तुकडे. झोपेचा अभ्यास करणारे १९८५ पासून एक चाचणी वापरतात, ती तुमच्या नातवाच्या खेळासारखीच आहे: दहा मिनिटं खुणेची वाट पाहायची आणि बटण दाबायचं. त्यात ५०० मिलिसेकंदांच्या वर गेलेला प्रत्येक प्रतिसाद चूक म्हणून मोजतात. झोप अपुरी झालेल्या तरुणांतही चांगले प्रतिसाद बऱ्यापैकी चांगलेच राहतात, पण मधूनमधून हे पाचशेच्या वरचे घुसायला लागतात. तुमचं सकाळचं पान अगदी असंच दिसतं. म्हणून तुमच्या आईची आठवण काढण्याआधी मी तुमच्या रात्री दुरुस्त करीन. साखर वाढली की लघवी वाढते, प्रोस्टेट आहे, आणि प्रेशरच्या काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्याही असतात. तुमची तशी असेल तर ती घेण्याची वेळ डॉक्टर बदलून देतील, आपल्या मनानं बदलू नका. घरात विचारा, मी घोरतो का, घोरता घोरता श्वास अडकल्यासारखा होतो का. होय असं उत्तर आलं तर तेही डॉक्टरांना सांगा. झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसाला आठ तास पडून राहूनही विश्रांती मिळत नाही.

तिसरी वामकुक्षी. दुपारच्या दुसऱ्या पानावर वीसांत पाच आकडे पाचशेच्या वर आहेत, आणि वेळ लिहिली आहे ३.५०. तुम्ही उठलात किती वाजता? मला वाटतं पाऊणे चारला. गाढ झोपेतून उठल्यावर मेंदू पुरता जागा व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, वय कितीही असो. दुपारची झोप वाईट नाही, उलट रात्रीचे तुकडे झालेल्या माणसाला ती हवीच. पण उठून तोंडावर पाणी मारलं आणि चार वाजता दुकानं उघडतात म्हणून तसेच स्कूटरला किक मारून निघालो, हे आपल्याकडे घरोघर चालतं. तो अर्धा तास चहा घेत पायरीवर बसून काढा. हे दुपारचं पान आजार म्हणून धरू नका.

साखरेच्या गोळीबद्दल एकच सांगते. काही गोळ्यांनी जेवण लांबलं की साखर खाली जाते आणि माणूस घामाघूम होण्याच्या आधीच त्याचं लक्ष फाटतं. गाय आडवी आली त्या दिवशी जेवायला उशीर झाला होता का, आठवून बघा.

हे सगळं दुरुस्त करूनही हात हेलकावतच राहिला तर पुढची तपासणी करायची. बी-१२, थायरॉइड, हिमोग्लोबिन, डोळ्यांत मोतीबिंदू, कान. डिचोलीच्या आरोग्य केंद्रापासून सुरुवात करा, गरज पडली तर ते म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात किंवा बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) पाठवतील. स्मरणाची साधी तोंडी चाचणी डॉक्टर तिथल्या तिथे घेतात. मागून घ्या. आईचा इतिहास आहे तेव्हा आजची नोंद कागदावर असलेली बरी, दोन वर्षांनी ताडून बघायला उपयोगी पडते.

काही गोष्टी मात्र दिसल्या तर महिनाभर थांबायचं नाही. रोजची वाट चुकणं, तेच तेच दहा मिनिटांनी पुन्हा विचारणं, पैशाचा साधा हिशेब न लागणं, दिवसा गुंगीत असल्यासारखं बसून राहणं आणि मग तासाभरात एकदम ठीक होणं, नसलेली माणसं दिसणं. यांतलं काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे. आणि एका बाजूचा हात अचानक पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं जड झालं, तर लगेच १०८ लावायचा. हे घरच्यांना वाचून दाखवा, कारण यांतल्या बऱ्याच गोष्टी ज्याच्या त्याला कळत नाहीत.

आता स्कूटर. यावर मी थोडी जास्त बोलणार आहे, कारण मुलाचं म्हणणंही मला पटतं आणि तुमचंही. आपल्या गावांकडे सातनंतर बस मिळायची नाही. स्कूटर गेली की बाजार गेला, भजन गेलं, डॉक्टरही दुसऱ्याच्या सवडीवर गेले. माणूस घरात बसतो, आणि बसला की लवकर खंगतो. हे मी दवाखान्यात इतक्या वेळा पाहिलं आहे की चावी काढून घ्या असा सल्ला मी सहजी देत नाही. पण ताशी ४० किलोमीटरनं चालणारी स्कूटर एका सेकंदात ११ मीटर जाते. तुमचे ३०० आणि तुमचे ७०० यांत ४०० मिलिसेकंदांचा फरक आहे, म्हणजे साडेचार मीटर. एक लहान मोटार त्या अंतरात मावते. आणि रस्त्यावर अचानक काही आलं तर तरण्याताठ्यालाही पाव सेकंद पुरत नाही, एक-दीड सेकंद जातो. म्हणून तुमच्या चांगल्या अठरा आकड्यांच्या भरवशावर गाडी चालवू नका. त्या दोन आकड्यांना पुरेल एवढी मोकळी जागा सतत पुढे ठेवून चालवा.

ती मोकळी जागा मोजायचं माप तुमच्याकडे जन्मभर आहे. मिनिटाला १२० मात्रांची मध्यलय धरा. सहा मात्रांच्या दादऱ्याचं एक आवर्तन म्हणजे तीन सेकंद. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी गेली की सम धरा, आणि आवर्तन पुरं होईपर्यंत तुमची स्कूटर त्या खांबापाशी पोचता कामा नये. पाऊस असेल तर केरव्याच्या आठ मात्रा घ्या, चार सेकंद होतील. मध्ये कोणी घुसला तर घुसू दे, तुम्ही पुन्हा मागे सरका. वेग चाळीसवरून तीसवर आणलात तर ब्रेक लागल्यानंतरचं अंतर जवळपास निम्मं होतं, कारण ते वेगाच्या वर्गानं वाढतं.

माझे वडील म्हापशात मोटारसायकल पायलट, म्हणजे मोटारसायकलवरून भाड्यानं माणसं नेणारे, होते. पिवळ्या मडगार्डची गाडी, मागे ओळखी-अनोळखी माणूस, आणि असं त्यांनी तीस वर्षांहून जास्त काढलं. शाळेत असताना मी मागे बसायचे तेव्हा त्यांच्या उजव्या हाताकडे पाहत बसायची सवय होती. बाजाराजवळ आलं की त्यांची दोन बोटं मुठीवरून उठून ब्रेकवर जाऊन टेकायची. दाबायची नाहीत, नुसती टेकलेली. चढावर, रिकाम्या रस्त्यावर परत मुठीवर. बोट मुठीवरून ब्रेकपर्यंत न्यायला जो वेळ लागतो तो त्यांनी आधीच वाचवलेला असायचा. सासष्टाव्या वर्षी त्यांनी दिवेलागणीनंतर भाडं घेणं बंद केलं. कोणी सांगितलं नव्हतं. दिवसा मात्र आणखी पाच वर्षं गाडी चालवली. तुम्ही तीच दोन बोटं वापरा. तिठा, शाळा, गुरं, उभी बस दिसली की आधीच ब्रेकवर टेकवा.

येते दोन महिने तुम्ही सकाळी नऊ ते दुपारी बारा एवढ्यातच स्कूटर काढा. पाऊस धरला असेल तर नको, महामार्ग नको, मागे कोणाला बसवणं नको, सर्दीची गोळी घेतल्याच्या दुसऱ्या सकाळी अजिबात नको. मुलाला एका रविवारी आपल्या गाडीनं तुमच्या मागून साखळीपर्यंत यायला सांगा. सूचना न देता, नुसतं पाहायला. त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं तुम्हा दोघांच्याही उपयोगी पडेल, सध्या तुम्ही दोघं एका गाईवरून भांडता आहात. आणि आजच दोघांनी बसून कागदावर लिहून ठेवा की काय झालं तर स्कूटर थांबवायची. माझं मत विचाराल तर, पुन्हा एकदा ब्रेक तसा उशिरा लागला किंवा कुठे ओरखडा आला आणि कसा आला ते तुम्हाला सांगता आलं नाही, तर त्या दिवशी चावी मुलाकडे द्या. हे आधी ठरलेलं असलं की तेव्हा अपमान वाटत नाही. लायसन्सच्या भरवशावर राहू नका. पंचावन्ननंतर ते पाच पाच वर्षांनी नवं करून मिळतं आणि त्यासाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, पण त्यात डोळे, कान, हातपाय पाहतात. हात किती हेलकावतो हे तिथे कोणी मोजत नाही.

आता घुमट. इथे मला तुमच्याशी भांडायचंच आहे, कारण फोनवरच्या खेळावरून तुम्ही घुमटाचा निकाल लावायला निघालात. ठेका धरणं म्हणजे खुणेला प्रतिसाद देणं नसतं. आरती रंगात आली की मिनिटाला २४० ठोके सहज पडतात, म्हणजे एक ठोका पाव सेकंदाचा. शामेळाचा ठोका ऐकून मग तुम्ही हात मारायचा म्हटलंत तर नुसत्या ऐकून हात हलवण्यातच तरण्या माणसाचे दीडशे मिलिसेकंद जातील, आणि तो सतत अर्ध्याहून जास्त ठोका मागे राहील. कोणताही वादक तसं वाजवत नाही. तो पुढचा ठोका कुठे पडणार हे आधीच जाणून हात सोडतो. मोजून पाहिलं तर माणसाचं बोट ठोक्याच्या किंचित आधीच पडतं. हे जाणणं चाळीस वर्षांत तुमच्या अंगात मुरलेलं आहे आणि ते म्हातारपणात बरंच टिकतं. घोरपडीच्या चामड्यावर बंदी आली तेव्हा तुमच्या पिढीनं बकऱ्याच्या चामड्यावर हात नव्यानं बसवला. राज्यानं २०१९ साली घुमटाला वारसावाद्य ठरवलं ते तुमच्यासारख्यांच्या हातांमुळेच. अशा हाताला एका हिरव्या पडद्यावरून घरी बसवायचं?

तुमचा हात ठेक्यात चुकलेला नाही. चाल बदलली तेव्हा चुकला. तिथे जाणून चालत नाही, तिथे निवड करावी लागते, आणि तीही तिसऱ्या-चौथ्या घरात, रात्री उशिरा, पोटात जेवण नसताना. तेव्हा बदलायची ती त्या क्षणाची व्यवस्था. शामेळवाल्याच्या बाजूला बसता त्याऐवजी त्याच्या समोर बसा. चाल बदलायच्या एक आवर्तन आधी त्यानं मान वर करायची, एवढं ठरवून घ्या. पहिल्या दोन घरांत तुम्ही, तिसऱ्यात दुसरा, चौथ्यात पुन्हा तुम्ही. तो कासाळेवाला पोर, ज्यानं तुमच्याकडे पाहिलं, त्यालाच तिसऱ्या घरात घुमट द्या. त्याला शिकवायला आत्तापासून सुरुवात करा, चवथ अजून दोन महिने दूर आहे. त्या रात्री निघण्याआधी वेळेवर जेवून घ्या, साखरेची गोळी घेऊन नुसत्या नेवऱ्या-पंचखाद्यावर रात्र काढू नका. सर्दीची गोळी तर नकोच. आणि जाण्यायेण्यासाठी पथकातल्या कोणाची तरी गाडी सांगून ठेवा.

फोनवरचा खेळ रोज खेळू नका. सरावानं त्या खेळात हात बसतो, रस्त्यावर त्याचा फायदा होत नाही. आठवड्यातून दोनदा, त्याच फोनवर, सकाळी दहाला, आधीचे पाच सोडून पुढचे वीस लिहा. सरासरी काढू नका. वीस आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावा, मधले दोन, म्हणजे दहावा आणि अकरावा, कोणते ते लिहा, आणि पाचशेच्या वर किती गेले ते लिहा. शेजारी रात्री किती वेळा उठलात आणि कोणती गोळी घेतलीत तेही. गोळी बदलल्यावर आणि झोप जुळल्यावर महिन्याभरात ते पाचशेच्या वरचे कमी झाले तर कारण सापडलं. न झाले तर ती वही घेऊन बांबोळीला जायचं, आणि मग मलाही कळवा.

सोमवारी डॉक्टरांकडे जाताना सर्दीच्या गोळ्यांची पट्टी खिशात घालून न्या. नाव पाठ करून जाऊ नका, पट्टीच त्यांच्या हातात द्या.